दानशूर भागोजीशेठ कीर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

श्रीदत्तजयंतीच्या अंकात दरवर्षी एखाद्या सत्पुरुषाचे चरित्र असते. यंदा मी ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते संन्यासी नव्हते, कीर्तनकार नव्हते, आणि त्यांनी एखादी पोथीही लिहिली नाही. ते सुतारकाम करणारे होते, पुढे मुंबईतले मोठे ठेकेदार झाले आणि मिळवलेले हाताने देऊन गेले. रत्नागिरीचे भागोजी बाळूजी कीर. आज त्यांचे नाव घेतले की मुंबईच्या चाकरमान्याला दादरची स्मशानभूमी आठवते आणि रत्नागिरीकराला पतितपावन मंदिर. मधला माणूस मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतो.

सुताराचे चरित्र दत्तभक्तांनी कशाला वाचायचे, असे कोणी विचारील. त्यांना भागवताच्या एकादश स्कंधातल्या अवधूताची आठवण करून द्यावीशी वाटते. अवधूताच्या चोवीस गुरूंत पृथ्वी आहे, समुद्र आहे, तसा बाण घडवणारा कारागीरही आहे. दारावरून राजाची मिरवणूक वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नव्हता, कारण सगळे लक्ष हातातल्या बाणावर. कारागिराला गुरू मानणारा हा आपला संप्रदाय आहे. तेव्हा भागोजीशेठना या अंकात जागा आहे, असे मला तरी वाटते.

त्यांचा जन्म १८६७ सालचा. आपल्या माणगावात श्री टेंब्ये स्वामी महाराज १८५४ साली जन्मले, म्हणजे काळ साधारण तोच. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. १९८१ पर्यंत मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी हे सगळे रत्नागिरी जिल्ह्यातच, म्हणून भागोजीशेठना मी परके समजत नाही. घर भंडाऱ्याचे. भंडारी म्हटले की लोकांना माडी आठवते. पण शिवछत्रपतींच्या आरमारात मायनाक भंडारी होता हेही लक्षात ठेवावे. मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम १६६४ साली सुरू झाले, त्या आरमारात या किनाऱ्यावरचीच माणसे होती. भंडारी, गाबीत, कोळी, खारवी, आणि तारवे बांधणारे सुतार.

घरची गरिबी मात्र विचारू नका. रत्नागिरीत अशी आठवण सांगतात की शाळेच्या खर्चासाठी लहानगा भागोजी उंडीची फळे गोळा करून बिया विकायचा. आजच्या मुलांना उंडी ठाऊक नसेल. किनाऱ्यावर वाढणारे झाड, गोल फळ, आत तेलकट बी. रॉकेल येण्याआधी आमच्याकडे दिव्यात हेच तेल जळायचे आणि होड्यांच्या लाकडालाही हेच चोपडायचे, खाऱ्या पाण्याने लाकूड खाऊ नये म्हणून. उंडीचे लाकूडही तारवाला, डोलकाठीला चालते. माझ्या आजोळी पडवीच्या कोपऱ्यात उंडेलाचे एक जुने मडके होते. तेल कधीच संपलेले, पण वास गेला नव्हता. शाळा काही फार झाली नाही. दोन-चार बुके शिकून पोरगा पोटामागे लागला.

त्या काळी कोकणातल्या पोराने पोटामागे लागायचे म्हणजे मुंबई गाठायची. रेल्वे नव्हती. आगबोटीचे तिकीट सगळ्यांच्या ऐपतीतले नव्हते. फत्तेमाऱ्या मात्र जायच्या, कौले, नारळ, आंबा, लाकूड भरून. बारा-तेरा वर्षांचा भागोजी असाच समुद्रमार्गे मुंबईस गेला असे सांगतात. लाकडाच्या तारवाने त्याला मुंबई दाखवली आणि लाकडानेच तिथे भाकरी दिली. एका सुताराकडे रंधा मारण्याचे काम मिळाले. रोज दोन आणे.

रंधा मारणे हे उमेदवाराचे काम. पटाशी, वाकस, गुण्या हाती यायला वेळ लागतो, आधी नुसते लाकूड सपाट करत बसायचे. खांदे भरून येतात. पण लाकूड ओळखायला माणूस तिथेच शिकतो. साग कसा बोलतो, फणस कसा, ऐन कुठे फसवतो. आमच्या गावी होडी बांधणारा एक म्हातारा मेस्त्री होता, तो फळीवर बोटाने टिचकी मारून आतली भेग सांगायचा. भागोजींचा हात असाच तयार झाला असणार, नाहीतर पुढचे घडते ना.

पुढचे म्हणजे पालनजी मिस्त्री या पारशी ठेकेदाराशी पडलेली गाठ. शापूरजी पालनजी हे आज देशभर माहीत असलेले नाव त्याच घराण्याचे. तिथे भागोजींचे काम आणि सचोटी नजरेत भरली. प्रामाणिकपणाची एक-दोन आख्यायिका सांगितल्या जातात, सापडलेले पैसे परत केल्याच्या वगैरे. त्या मी इथे लिहीत नाही, कारण प्रत्येक सांगणारा रक्कम वेगळी सांगतो, आणि बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला रकमेत फरक आला की पुढे सरकवत नाही! एवढे खरे की सुतार भागोजी मुकादम झाले, ठेकेदार झाले, आणि लोक त्यांना शेठ म्हणू लागले. मुंबईची बांधकामे तेव्हा जोरात होती. १९३० साली उघडलेले मुंबई सेंट्रल स्टेशन शापूरजी पालनजींनीच बांधले. पुढे १९३७ सालचे ब्रेबॉर्न स्टेडियमही त्यांचेच. त्या धावपळीच्या काळात रत्नागिरीचा हा भंडारी मोठा झाला.

आता पैसा आला. कोकणी माणसाला पैसा आला की तो आधी गावी घर बांधतो आणि मग देवळाकडे वळतो. भागोजीशेठ शिवभक्त. रत्नागिरीत किल्ल्याच्या बाजूला त्यांनी भागेश्वराचे मंदिर बांधले. आळंदीला वारकऱ्यांसाठी धर्मशाळा बांधली. त्यांच्या नावाची ती धर्मशाळा आळंदीला जाऊन आलेल्या कितीतरी वाचकांना आठवत असेल.

पण खरी गोष्ट इथून पुढे आहे. रत्नागिरीतले जुने लोक सांगत की शेठजींना महादेवाच्या पिंडीला स्वतःच्या हाताने स्नान घालायची फार इच्छा, आणि जात आडवी यायची. गाभाऱ्यात जायचा अधिकार भंडाऱ्याला नाही. जरा विचार करा. चौथऱ्याचा दगड तुमच्या पैशाचा, छपराचे लाकूड तुमच्या पारखीचे, कळस तुम्ही चढवलेला, आणि देवाला हात लावायचा तर मध्ये दुसरा माणूस. मी अनेक ठेवीदार पाहिले आहेत. स्वतःच्या खात्यातले स्वतःचेच पैसे काढायला सही जुळत नाही म्हणून परत जाणारे. त्यांच्या तोंडावर जे दिसायचे ते आठवले की मला भागोजीशेठांची कल्पना थोडीफार येते. थोडीफारच, कारण तिथे निदान दुसऱ्या दिवशी नवी सही करून काम व्हायचे.

भंडाऱ्याची ही गत, तर त्याच्याही खाली ढकललेल्या महार-चांभारांना देवळाची पायरीसुद्धा दूरच होती. १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले, ते याच कोकणात. १९३० च्या मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालूनही दार उघडले नाही.

त्या दिवसांत सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. १९२४ पासून १९३७ पर्यंत त्यांना जिल्ह्याबाहेर जायची आणि राजकारण करायची बंदी होती. त्या काळात त्यांनी अस्पृश्यता मोडायचे काम हाती घेतले. राजकारणाबद्दल ज्याचे त्याचे मत असो, तो आपल्या अंकाचा विषय नाही. भागोजीशेठनी आपली खंत त्यांच्यापुढे मांडली आणि त्यातून एक नवे देऊळ बांधायचे ठरले, जिथे कोणत्याही जातीचा हिंदू गाभाऱ्यापर्यंत जाईल आणि पूजा करील. खर्च शेठजींचा.

१० मार्च १९२९ रोजी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी मंदिर उघडले. दैवत लक्ष्मीनारायण, नाव पतितपावन. शंकराचार्यांच्या पीठावरचा माणूस अशा कामाला आला हे त्या वेळी लहानसहान नव्हते. गावात विरोध होता, कुजबुज होती, बहिष्काराच्या गोष्टी होत्या. पुढे त्याच मंदिराच्या आवारात सर्व जातींची सहभोजने झाली. पंढरपूरचा विठोबा सगळ्यांसाठी खुला व्हावा म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले ते १९४७ च्या मे महिन्यात, आणि मुंबई सरकारचा मंदिर प्रवेशाचा कायदाही त्याच वर्षीचा. रत्नागिरीतल्या या ठेकेदाराने सोळा वर्षे आधीच दार न लावलेले देऊळ बांधून ठेवले होते.

कोणी म्हणतात, जुनी देवळे सगळ्यांना उघडी करायची सोडून नवे वेगळे देऊळ कशाला? हा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. वेगळे देऊळ मिळाले की जुन्या देवळातले लोक निर्धास्त होतात. पण वाट बघत बसण्याऐवजी शेठजींनी आपल्या हातात होते तेवढे केले. बांधणे हातात होते, त्यांनी बांधले. सुतार माणूस भांडण्यापेक्षा चौकट उभी करतो.

नोकरीत असताना माझी बदली तीन वर्षे रत्नागिरीला होती. संध्याकाळी काउंटर जुळले की कधी कधी पतितपावन मंदिरात जाऊन बसायचो. मोठा प्रशस्त सभामंडप, गर्दी बेताची. तिथे मला कोणी नाव, गाव, कूळ विचारले नाही. आपल्याकडे मात्र अजून जत्रेत पालखीला पहिला खांदा कोणाचा, गाऱ्हाणे कोणी घालायचे, तरंगकाठी कोणाच्या हाती, यावरून भावकी कोर्टात जाते. काही गावांत तर मानापमानापायी उत्सव बंद पडलेले मी पाहिले. वकिलाची फी जाते आणि देव कुलपात राहतो. दत्तमहाराज झोळी घेऊन दारोदार गेले. कोणाच्या दारी पहिली भिक्षा, याचा मान त्यांनी कधी ठरवून दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

दुसरे मोठे काम दादरचे. आज शिवाजी पार्कच्या बाजूला समुद्रालगत जी हिंदू स्मशानभूमी आहे ती भागोजीशेठनी उभारून दिली. दादर-माहीम तेव्हा नुकते वस्तीला येत होते, चाळी भरत होत्या आणि त्यात निम्मी माणसे आपली, रत्नागिरी-मालवणची. मेलेल्या माणसाला लांब नेणे म्हणजे गरिबाची काय तारांबळ होते हे एका खोलीत दहा जण राहिलेल्यांना सांगायला नको. देऊळ बांधणारा दाता पुष्कळदा मिळतो, कारण देवळावर नावाची पाटी लागते आणि लोक हात जोडतात. स्मशान बांधून देणारा विरळा. तिथे कोणी हौसेने नाव वाचायला जात नाही. शेजारीच आता चैत्यभूमी आहे आणि दर ६ डिसेंबरला तिथे लाखो माणसे येतात.

मध गोळा करणाराही अवधूताचा एक गुरू आहे. माशी साठवते, खात नाही, देत नाही, आणि शेवटी नेणारा तिसराच. भागोजीशेठनी हे पुस्तकातून वाचले असेल असे नाही, पण आपले मोहोळ त्यांनी स्वतःच्या हयातीत मोकळे केले. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर जमा बाजू मोठी झाली तशी नावे बाजूही ते वाढवत गेले. आमच्या धंद्यात असा खातेदार मला एकही भेटला नाही.

२४ फेब्रुवारी १९४४ रोजी भागोजीशेठ निवर्तले. पतितपावन मंदिराला तेव्हा तेरा वर्षे झाली होती. माहीममध्ये एक रस्ता त्यांच्या नावाचा आहे. रत्नागिरीतल्या विधी महाविद्यालयालाही त्यांचेच नाव दिलेले आहे, म्हणजे जेमतेम शाळा शिकलेल्या सुताराच्या नावाने वकील तयार होतात. दादरच्या स्मशानभूमीत त्यांचा पुतळा आहे. कोणाला पोचवायला गेलात तर गर्दीत तो दिसतो, फेट्यातला. रत्नागिरीला जाणे झाले तर पतितपावनला जरूर जाऊन या, एस.टी. स्टँडपासून रिक्षाने फार लांब नाही.