बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ

आपली मुले शाळा-कॉलेजात बास्केटबॉल खेळतात. हा खेळ कोणी शोधला, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणून आज डॉ. जेम्स नेस्मिथ यांची ओळख करून घेऊ या.

त्यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडात झाला. १८७० साली आईवडील विषमज्वराने वारले आणि मामांनी त्यांचा सांभाळ केला. मध्येच शाळा सोडून त्यांनी लाकूडतोडीचे काम केले, मग पुन्हा पुस्तक हाती धरले. प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मशिक्षण पूर्ण केल्यावरही ते मैदानाकडे वळले. खेळातूनही माणूस घडतो, अशी त्यांची श्रद्धा होती.

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे, हिवाळ्यात छपराखाली खेळता येईल असा खेळ तयार करण्यास त्यांना सांगण्यात आले. मुदत होती १४ दिवसांची. त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या, १३ नियम लिहिले आणि १८ विद्यार्थ्यांना खेळायला उभे केले. धक्काबुक्की टळावी म्हणून चेंडू घेऊन पळण्यास बंदी घातली.

१८९८ मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात गेले. तेथे प्रशिक्षक म्हणून त्यांनी ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांत विजयापेक्षा पराभव जास्त असलेले ते एकटेच!

पण त्यांचे विद्यार्थी पाहा. फॉग ॲलन यांनी त्याच विद्यापीठाला पुढे ५९० विजय मिळवून दिले. जॉन मॅक्लेंडन कृष्णवर्णीय असल्याने त्यांना विद्यापीठाच्या संघात खेळू दिले जात नव्हते. नेस्मिथ यांनी त्यांना जवळ केले, शिकवले. याच मॅक्लेंडन यांच्या कॉलेज संघाने १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. तो सोहळा पाहायला वृद्ध नेस्मिथ हजर होते. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघही त्याच वेळी बर्लिनला गेला होता आणि त्याने तेथे कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवली. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी नेस्मिथ यांचे निधन झाले.

मुले सामना खेळून घरी आली की आपण आधी विचारतो, जिंकलात का? यापुढे आणखी एक प्रश्न विचारू या: संघाबाहेर कोणी राहिले तर नाही ना?