आपले म्हणणे पटवून देणारी संशोधिका : डॉ. कमला सोहोनी



विज्ञानाच्या किंवा इंजिनिअरिंगच्या वाटेने निघालेल्या मुलीस हुशारीइतकीच आणखी एका गुणाची गरज असते. तो गुण म्हणजे आपले म्हणणे समोरच्यास शांतपणे पटवून देणे. गुणपत्रिकेत त्याचे गुण मिळत नाहीत. परंतु तो नसेल तर पुष्कळदा गुणपत्रिकाही कपाटातच राहते. हा गुण ज्यांच्या ठायी होता अशा एका थोर मराठी स्त्रीचे चरित्र आज आपणापुढे ठेवीत आहे.

कमलाबाईंचा जन्म १९११-१२ च्या सुमारास इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. सुप्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले होते. आपणही तेथेच जाऊन संशोधन करावे, असे कमलाबाईंनी लहानपणीच मनाशी ठरविले होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊन त्यांनी बंगलोरला अर्ज पाठविला.

अर्ज नामंजूर झाला. कारण एवढेच की, अर्जदार मुलगी होती! संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन, १९३० सालचे नोबेल पारितोषिक मिळविणारे जगद्विख्यात शास्त्रज्ञ. वडिलांनी आणि काकांनी विनंती केली. तिचाही उपयोग झाला नाही.

येथे क्षणभर थांबा आणि विचार करा. तुमच्यापैकी कितीजणी अशा वेळी मुकाट्याने घरी परतल्या असत्या?

कमलाबाई स्वतः बंगलोरला जाऊन रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी अपशब्द वापरला नाही, की गयावयाही केली नाही. माझ्या गुणांत काही उणीव आहे काय, असेल तर दाखवावी, आणि नसेल तर नकाराचे कारण सांगावे, एवढेच त्यांनी विचारले. प्रवेश मिळेपर्यंत दारातून हलणार नाही, सत्याग्रह करीन, हेही त्यांनी स्पष्ट केले. ज्या प्रश्नास न्याय्य उत्तर नव्हते असा प्रश्न त्यांनी निवडला, हे त्यांच्या बोलण्यातील खरे सामर्थ्य होय.

अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घातल्या. पहिले एक वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागणार होते. आणि आपल्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडणार नाही याची काळजी घ्यावयाची होती. अटी अपमानकारक होत्या. कमलाबाईंनी त्या स्वीकारल्या, परंतु न्याय्य मानल्या नाहीत. मुलगी म्हणून मिळालेली ती वागणूक त्या उतारवयातही विसरल्या नव्हत्या. मग अटी स्वीकारल्या का? कारण एका वर्षाची मुदत ठरली होती, आणि त्या वर्षात आपले काम आपल्यासाठी बोलेल, हा त्यांना विश्वास होता.

श्रीनिवासय्या या शिस्तप्रिय मार्गदर्शकांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर संशोधन केले. वर्ष सरले आणि रामन यांचे मत पालटले. १९३६ मध्ये कमलाबाई विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. झाल्या. त्यांच्यानंतर संस्थेचे दार मुलींसाठी उघडले. १९४० मध्ये ॲना मणी खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेत दाखल झाल्या आणि पुढे हवामानशास्त्रात नावारूपास आल्या. त्याच संस्थेत राजेश्वरी चटर्जी यांनी इंजिनिअरिंगच्या क्षेत्रात कीर्ती मिळविली.

पुढे कमलाबाई इंग्लंडला केंब्रिज येथे गेल्या. नोबेल विजेते सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागात त्यांनी प्रथम डॉ. रिश्टर आणि नंतर डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केले. वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' हे श्वसनास साहाय्य करणारे द्रव्य असते, हे त्यांनी बटाट्यावरील प्रयोगांवरून दाखविले. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

मायदेशी परतल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात आणि कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले. १९४७ मध्ये श्री. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या व विज्ञान संस्थेत प्राध्यापिका झाल्या. आपल्या धनजच्या शिवारात पिकणारी तूर घ्या, की हरभरा घ्या. अशा कडधान्यांत प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारी द्रव्ये असतात आणि शिजविल्याने त्यांचा जोर बहुतांशी नाहीसा होतो. भारतीय अन्नपदार्थांतील अशा द्रव्यांचा त्यांनी अभ्यास केला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचे पोषणमूल्य तपासले. त्या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. एवढे असूनही संस्थेचे संचालकपद त्यांच्या वाट्यास उशिराच आले. तेव्हाही त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही. ग्राहकांच्या हक्कांसाठीही त्या झटल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

विद्यार्थिनींनो, या चरित्रातून तीन गोष्टी घ्या. मागणी करण्यापूर्वी आपली तयारी पूर्ण असू द्या. नकार आला तर रागावू नका, कारण विचारा. पूर्ण न मिळता अर्धेच मिळाले, तर त्याची मुदत ठरवून घ्या आणि त्या मुदतीत काम करून दाखवा.

आणि पालकहो, एक गोष्ट आपणासाठी. कमलाबाईंना रामन यांच्याशी झगडावे लागले, पण घरी झगडावे लागले नाही. वडील आणि काका त्यांच्या पाठीशी होते, म्हणून त्यांची सारी शक्ती बाहेरच्या दारासाठी शिल्लक राहिली. आपली मुलगी कारंज्याला किंवा अमरावतीला विज्ञान शिकावयास जाऊ म्हणेल, तेव्हा अब्बांना आणि अम्मींना पटविण्यातच तिची शक्ती संपू देऊ नका. तिचे म्हणणे ऐका, शंका असतील त्या मोकळेपणाने विचारा, आणि तिला उत्तर देऊ द्या. घरात ज्या मुलीचे म्हणणे ऐकले जाते, तीच उद्या मोठ्या साहेबांपुढे न डगमगता बोलू शकते.