चादरीवरून आलेला उजेड आणि सुब्रत मित्र

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या शूट करायला घेतल्या होत्या. समोर रिंग लाइट, बाजूला मित्राकडून आणलेला एलईडी पॅनल. वाटलं, आता काय, मस्तच येणार. दोन ओव्या झाल्या आणि आजी थांबली. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते, तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. फुटेज बघितलं तर चष्म्यात पांढरं कडं आणि मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली. आजी म्हणाली, बंद कर ते, मला नाही जमायचं. प्रोजेक्ट जाऊ दे, पण या ओव्या आमच्या घरात दुसऱ्या कुणालाच येत नाहीत.

लाइटिंगबद्दल शोधता शोधता मी सुब्रत मित्रांपर्यंत पोचलो. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'चे कॅमेरामन. नाव ऐकलेलं असतं, पण हा माणूस शिकला कसा ते मला माहीत नव्हतं.

जन्म १९३०चा, कोलकात्याचा. शाळेत असल्यापासून सिनेमाचं वेड. पुढे कॅमेरा असिस्टंटचं काम शोधलं, ते मिळालं नाही, म्हणून सायन्सला शिकत राहिला. तेवढ्यात फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार 'द रिव्हर'चं शूटिंग करायला बंगालमध्ये आले. तिथेही काम मिळालं नाही, फक्त उभं राहून बघायची परवानगी मिळाली. पोरगा वही घेऊन जायचा. कुठला लाइट कुठे ठेवला, नट कुठून कुठे चालला, कॅमेरा कुठे होता, सगळ्याच्या आकृत्या काढायचा. त्या इतक्या नेमक्या होत्या की एकदा खुद्द कॅमेरामन क्लोद रेन्वार यांनी लाइटची कंटिन्यूइटी जुळवायला त्याची वही मागून घेतली! (आपण मोबाइलवर बीटीएस शूट करतो आणि पुन्हा कधी उघडून बघत नाही, ते आठवलं.)

'पथेर पांचाली'चं शूटिंग १९५२मध्ये सुरू झालं. मित्रांनी विशी नुकतीच ओलांडली होती आणि त्याआधी सिनेमाचा कॅमेरा कधी चालवलाच नव्हता. तरी राय यांनी त्यांनाच घेतलं.

पण माझ्या कामाचं सापडलं ते दुसऱ्या सिनेमात, 'अपराजितो'मध्ये (१९५६). बनारसच्या जुन्या घराचं अंगण हवं होतं. अशा अंगणात ऊन थेट पडत नाही, वरच्या आभाळाच्या तुकड्यातून मऊ उजेड झिरपतो, सावल्या जवळपास नसतातच. पावसाच्या भीतीने कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी तो सेट कोलकात्याच्या स्टुडिओत उभा केला. मित्र दोघांशीही भांडले, स्टुडिओत असा उजेड येणं शक्य नाही म्हणून. त्यांचं कुणी ऐकलं नाही.

मग त्यांनी सेटच्या वर फ्रेममध्ये पांढरं कापड ताणलं, म्हणजे खोटं आभाळच. लाइट खाली ठेवले, तोंड वर. उजेड कापडावर आपटून खाली पसरला. यालाच बाउन्स लाइटिंग म्हणतात. पुढे 'चारुलता'पर्यंत, आणि नंतरही, हे त्यांचं मुख्य हत्यार राहिलं. परदेशात या पद्धतीचं कौतुक झालं ते नंतर, दुसऱ्यांच्या नावाने. मला हे खटकतंच.

हे चालतं का, ते सोपं आहे. लाइट चेहऱ्याच्या मानाने जितका मोठा दिसेल तितकी सावली मऊ. रिंग लाइट ताटाएवढा, चादर पलंगाएवढी. चादरीच्या प्रत्येक कोपऱ्यातून उजेड येतो, त्यामुळे एका बाजूने पडलेली सावली दुसरी बाजू पुसून टाकते. तोटा एकच, उजेड बराच कमी होतो. मग फोन आपोआप आयएसओ वाढवतो आणि चित्रात दाणे येतात. उपाय म्हणजे चादर फ्रेमच्या बाहेर, पण जमेल तितकी जवळ आणायची. आणि कापड पांढरंच घ्या. मी आधी हिरव्या भिंतीवर लाइट मारला होता, आजी आजारी दिसत होती.

मित्रांनी पुढे 'तीसरी कसम' केला, मर्चंट-आयव्हरीचे सिनेमे केले. 'न्यू दिल्ली टाइम्स'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेवटची काही वर्षं ते कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये मुलांना सिनेमॅटोग्राफी शिकवत होते. २००१मध्ये गेले.

मी कपडे वाळवायच्या दोरीवर चादर टाकली, दोन्ही लाइट तिच्याकडे फिरवले आणि आजीकडे त्यांची पाठ केली. पंखा बंद ठेवावा लागला, नाहीतर चादर हलायची आणि उजेडही. आजीने विचारलं, लाइट लावलाच नाहीस का? मी नाही म्हटलं. ती सलग अकरा ओव्या म्हणाली. बारावीच्या मध्येच माझ्या फोनचं स्टोरेज संपलं.