रोनाल्ड रॉस : डासाच्या पोटातलं गणित उलगडणारा डॉक्टर

दरवर्षी २० ऑगस्टला जागतिक डास दिन पाळला जातो. ही तारीख जोडलेली आहे सिकंदराबादशी. १८९७ साली याच दिवशी तिथल्या लष्करी दवाखान्यात डॉ. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ चा, अल्मोड्याचा. वडील ब्रिटिश फौजेत अधिकारी. मुलाला ओढ साहित्याची, पण वडिलांच्या आग्रहाखातर तो डॉक्टर झाला आणि १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाला.

मलेरियाचा परजीवी रुग्णाच्या रक्तात असतो, हे १८८० पासून माहीत होतं. पण तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा? १८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी डासावर संशय व्यक्त केला आणि रॉस कामाला लागले.

पुढची दोन वर्षं त्यांनी डासामागून डास फाडले, हाती काहीच लागलं नाही. कारण त्यातले बहुतेक डास क्युलेक्स किंवा एडिस जातीचे होते. माणसाचा मलेरिया वाढतो तो अ‍ॅनोफिलिसमध्ये.

ऑगस्ट १८९७. अंगाची लाही लाही होत होती, पण पंखा लावायची सोय नव्हती. वाऱ्याने फाडलेले डास उडून जायचे. घामाने मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले होते. हुसेन खान या रुग्णाला एका डासामागे एक आणा देऊन १६ तारखेला अ‍ॅनोफिलिस चाववून घेतले. चौथ्या दिवशी डासाच्या जठराच्या भिंतीवर काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी फाडलेल्या डासात त्या आणखी मोठ्या होत्या. म्हणजे डास हा फक्त वाहक नव्हता, परजीवी त्याच्या शरीरात वाढत होता.

लगेच त्यांची बदली राजपुतान्यातल्या खेरवाड्याला झाली आणि काम थांबलं. १८९८ मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांच्या मलेरियावर प्रयोग करून त्यांनी परजीवी डासाच्या लाळग्रंथीपर्यंत पोहोचतो, हे दाखवलं. १९०२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

ही वाढ होते किती वेगाने? ते तापमान ठरवतं. डासाचं शरीर बाहेरच्या हवेइतकंच गरम किंवा थंड असतं. साधारण १६ अंश सेल्सिअसखाली फॅल्सिपेरम परजीवीची वाढ पूर्ण होत नाही. २५ ते २८ अंशांत ती दीड-दोन आठवड्यांत होते. डासाचं आयुष्यच काही आठवड्यांचं, त्यामुळे ही एक शर्यतच असते.

तापमानाचा परिणाम डासाच्या जनुकांवरही होतो. ३७ अंशांचं रक्त पिताच डास मिनिटभरात तापतो. मग उष्णतेपासून पेशी वाचवणारी जनुकं जोरात कामाला लागतात. एडिस डासात यातलं एक जनुक शास्त्रज्ञांनी दाबून टाकलं, तेव्हा रक्त नीट पचेना आणि अंडी कमी झाली. भारतातल्या शहरांत मलेरिया पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सीमध्ये रोगप्रतिकारक जनुकांचं कामही तापमानानुसार बदलतं.

रॉस यांना यातलं काही ठाऊक असणं शक्य नव्हतं. ‘जीन’ हा शब्दच १९०९ मध्ये आला. पण त्याच सुमारास त्यांनी गणिताने दाखवलं, की मलेरिया रोखायला सगळे डास मारावे लागत नाहीत. त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी पुरतं.

१६ सप्टेंबर १९३२ ला लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. मलेरियाचा अंदाज बांधणारी आजची अनेक मॉडेल्स त्यांच्याच गणितावर उभी आहेत. फक्त आता त्यात तापमानही धरावं लागतं. ते बदललं, की डासांची ती मर्यादाही बदलते.