विश्लेषण : पुराणमतवादाचे जनक एडमंड बर्क दोनदा एकाकी का पडले?

कोणाच्या भावना दुखावतील असे शब्द सार्वजनिक जीवनात टाळावेत, या संकेताला ‘पॉलिटिकल करेक्टनेस’ म्हटले जाते. अमेरिका आणि ब्रिटनमधील पुराणमतवादी गटांची तक्रार अशी, की या संकेताच्या दडपणामुळे न रुचणारे मत मांडण्याची मोकळीकच आकसली आहे. समाजातील न्याय कायद्याने आणि घोषणांनी घाईघाईत आणता येतो का, हाही त्यांचा जुना प्रश्न. ही बाजू मांडताना एक नाव हमखास पुढे येते, ते एडमंड बर्क (१७२९-१७९७) यांचे. मात्र त्यांचे चरित्र पाहिले, तर आजच्या कोणत्याही एका गटाच्या चौकटीत ते सहज बसत नाहीत. १७८० मध्ये मतदारांनी आणि १७९१ मध्ये मित्रांनी त्यांची साथ सोडली. का, ते समजून घेऊ.

बर्क कोण होते?

बर्क यांचा जन्म आयर्लंडमधील डब्लिनचा. वडील प्रोटेस्टंट पंथाचे वकील, तर आई कॅथलिक. त्या काळी आयर्लंडमध्ये बहुसंख्य असलेल्या कॅथलिकांना मतदान, सरकारी पदे, जमीन खरेदी अशा बाबतींत कायद्यानेच मज्जाव होता. बर्क यांचे शालेय शिक्षण क्वेकर या वेगळ्याच पंथाच्या शिक्षकाच्या शाळेत झाले. एकाच घरात आणि शाळेत तीन पंथांचा सहवास लाभलेल्या या मुलाला, धर्मावरून माणसाचे हक्क ठरवणे ही काय चीज असते हे लवकर कळले.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून ते १७५० मध्ये कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेले, पण मन रमले लेखनात. सौंदर्यशास्त्रावरील त्यांचा १७५७चा ग्रंथ युरोपभर वाचला गेला. १७६५ मध्ये पंतप्रधान झालेल्या लॉर्ड रॉकिंगहॅम यांचे ते खासगी सचिव झाले आणि लवकरच व्हिग पक्षातर्फे हाउस ऑफ कॉमन्समध्ये पोहोचले. घराणे नाही, जहागीर नाही, त्यात आयरिश उच्चार. उमरावांच्या त्या राजकारणात बर्क कायम काहीसे उपरेच राहिले.

ब्रिस्टॉलच्या मतदारांशी का बिनसले?

ब्रिस्टॉल हे तेव्हाचे इंग्लंडमधील बडे व्यापारी बंदर. १७७४ मध्ये तेथून निवडून येताच बर्क यांनी मतदारांना स्पष्ट सांगितले, की खासदार हा त्यांचा निरोप्या नव्हे. तो त्यांच्या हितासाठी झटेल, पण मत देईल ते स्वतःच्या विवेकाने. निवडून आल्याच्या दिवशी असे बोलणे धाडसाचेच होते.

पुढच्या सहा वर्षांत त्यांनी ते खरे करून दाखवले. अमेरिकी वसाहतींवर लादलेल्या करांना आणि नंतर तेथील युद्धाला त्यांनी विरोध केला. आयर्लंडच्या व्यापारावरील निर्बंध सैल करण्यास पाठिंबा दिला, तेव्हा ब्रिस्टॉलचे व्यापारी बिथरले, कारण त्यांना स्पर्धा वाढणार होती. कॅथलिकांवरील काही जाचक कायदे हटवणाऱ्या १७७८च्या विधेयकाला त्यांनी साथ दिली. कर्ज फेडता न आलेल्यांना अनिश्चित काळ तुरुंगात डांबण्याच्या पद्धतीत सुधारणा हवी, असेही ते म्हणाले. धनको मंडळींना तेही रुचले नाही.

जून १७८० मध्ये कॅथलिकविरोधी जमावाने लंडन पेटवले. इतिहासात या दंगली ‘गॉर्डन दंगली’ म्हणून ओळखल्या जातात. बर्क यांच्या घरालाही धोका निर्माण झाला. दंगल शमल्यावर मात्र पकडलेल्यांना सरसकट फाशी देऊ नये, अशी गळ त्यांनीच सरकारला घातली. त्याच सप्टेंबरात ब्रिस्टॉलमध्ये निवडणूक आली. बर्क यांनी मतदारांपुढे आपली प्रत्येक भूमिका समजावून सांगितली, एकाही भूमिकेबद्दल माफी मागितली नाही आणि पराभव दिसताच माघार घेतली. पुढे रॉकिंगहॅम यांच्या प्रभावाखालील माल्टन या छोट्या मतदारसंघाने त्यांना संसदेत ठेवले.

खोड्याचे प्रकरण काय होते?

त्याच १७८० सालची आणखी एक घटना. समलिंगी संबंधांच्या आरोपावरून दोन पुरुषांना भर रस्त्यात खोड्यात उभे करण्याची शिक्षा झाली. लाकडी चौकटीत मान आणि हात अडकवून गुन्हेगाराला लोकांच्या हवाली करायचे, अशी ही पद्धत. जमावाच्या माऱ्यात त्यांतील एकाचा तेथेच मृत्यू झाला.

बर्क यांनी हा विषय संसदेत काढला. त्यांनी त्या कृत्याचे समर्थन केले नाही. त्यांचा मुद्दा वेगळा होता. कायद्याने अप्रतिष्ठेची शिक्षा दिली होती, मृत्यूची नव्हे. मग जमावाला ती वाढवण्याचा अधिकार कोणी दिला? यावर वृत्तपत्रांनी त्यांची टर उडवली आणि त्यांच्या चारित्र्यावरही शिंतोडे उडवले. त्या काळात सभ्य समाजाने ज्याचा उच्चारही करू नये, असा हा विषय होता. इंग्लंडमध्ये ही शिक्षा पूर्ण रद्द होण्यास १८३७ साल उजाडले.

राघोबादादांचे वकील बर्क यांच्या घरी कसे?

पेशवेपदासाठी इंग्रजांची मदत मागणाऱ्या राघोबादादांनी आपले वकील थेट लंडनला पाठवले होते. हणमंतराव नावाचे ब्राह्मण आणि मणियार पारशी हे ते दूत. १७८१ मध्ये ते लंडनमध्ये होते. सोवळे सांभाळून स्वयंपाक कुठे करायचा, हीच हणमंतरावांपुढची मोठी अडचण होती. बर्क त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी घेऊन गेले आणि बागेतील काचगृह त्यांच्या स्वयंपाकासाठी व नित्यकर्मांसाठी मोकळे करून दिले.

राघोबादादांच्या पदरात या मोहिमेतून काही पडले नाही. १७८२च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनी त्यांची बाजू सोडली. पण बर्क तेव्हा बंगालमधील न्यायव्यवस्थेची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीत काम करत होते. वारसा आणि करारांच्या बाबतीत कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदू आणि मुस्लिमांना त्यांचे त्यांचे कायदे लावावेत, अशी तरतूद १७८१च्या कायद्यात झाली. या कायद्याच्या घडणीत बर्क यांचा वाटा होता. राज्यकर्त्याने आपली मोजपट्टी परक्या समाजावर लादू नये, हे मत त्यांनी घरात आणि संसदेत सारखेच पाळले.

हेस्टिंग्ज यांच्यावर महाभियोग कशासाठी?

बंगालचे गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज १७८५ मध्ये मायदेशी परतले. पुढच्याच वर्षी बर्क यांनी त्यांच्यावर २२ आरोप ठेवले. बनारसचे राजे चेतसिंग यांच्याकडून केलेली वसुली, अवधच्या बेगमांची संपत्ती हिसकावणे, भेटी आणि लाच, असे त्यांचे स्वरूप होते. मराठ्यांशी झालेले युद्ध आणि तह यांवरही एक स्वतंत्र आरोप होता.

वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे खटला उभा राहिला तो १३ फेब्रुवारी १७८८ रोजी. बर्क यांचे प्रारंभीचे भाषण चार दिवस चालले. लंडनमध्ये जो अन्याय ठरतो तो हिंदुस्तानात अन्याय ठरत नाही, असे मानायला ते तयार नव्हते. सत्ता ही विश्वस्ताची ठेव असते आणि कंपनीच्या अधिकाऱ्यालाही तिचा हिशेब द्यावा लागेल, हा त्यांच्या मांडणीचा गाभा.

सुरुवातीला खटल्याला नाटकासारखी गर्दी झाली, नंतर लोक कंटाळले. नंदकुमार यांच्या फाशीबद्दल बर्क यांनी हेस्टिंग्ज यांना थेट खुनी ठरवले, तेव्हा १७८९ मध्ये त्यांच्याच सभागृहाने त्यांच्या शब्दांवर ठपका ठेवला. सात वर्षांनी, एप्रिल १७९५ मध्ये, हेस्टिंग्ज निर्दोष सुटले.

बर्क यांच्या हेतूंवर तेव्हाही शंका घेतली गेली. त्यांना माहिती पुरवणारे फिलिप फ्रान्सिस हे हेस्टिंग्ज यांचे कट्टर वैरी होते आणि दोघांत १७८० मध्ये पिस्तुलांचे द्वंद्वही झाले होते. बर्क यांच्या स्नेह्यांचे भारतात आर्थिक हितसंबंधही होते. तरीही वसाहतीतील कारभाराचा जाब मायदेशी विचारला जाऊ शकतो, हे या खटल्याने दाखवून दिले.

फ्रेंच राज्यक्रांतीला विरोध का?

१७८९ मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली, तेव्हा बर्क यांचे बहुतेक व्हिग सहकारी आनंदले. अमेरिकी वसाहतींची बाजू घेणारे बर्क क्रांतीचेही स्वागत करतील, अशी अपेक्षा होती. नोव्हेंबर १७९० मध्ये त्यांचे ‘रिफ्लेक्शन्स ऑन द रिव्होल्यूशन इन फ्रान्स’ हे पुस्तक आले आणि सारेच चकित झाले.

त्यांचा युक्तिवाद असा. अमेरिकी वसाहती आपले पूर्वापार हक्क मागत होत्या; फ्रान्समध्ये मात्र कागदावरच्या तत्त्वांवरून अख्खा समाज नव्याने बांधला जात होता. समाज हा हयात असलेल्यांचा, होऊन गेलेल्यांचा आणि पुढे येणाऱ्यांचा मिळून असतो. त्यात सुधारणा जरूर करावी, पण जुन्या वास्तूची डागडुजी करावी तशी. सगळे बंध एकदम तोडले, की पोकळी भरायला शेवटी सैन्याचा सेनापती पुढे येतो. नेपोलियनने फ्रान्सची सत्ता घेतली ती १७९९ मध्ये, बर्क यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी.

पुस्तक खपले, पण मित्र तुटले. ६ मे १७९१ रोजी भर सभागृहात बर्क यांनी चार्ल्स जेम्स फॉक्स यांच्याशी अनेक वर्षांची मैत्री संपल्याचे जाहीर केले. फॉक्स यांना रडू आवरेना. पक्षात बर्क जवळपास एकटे पडले. त्यांच्या बाजूला माणसे वळली ती नंतर, फ्रान्समध्ये गिलोटिन सुरू झाल्यावर.

टीकाकारांचे म्हणणे काय?

बर्क यांना उत्तर देणारी पहिली पुस्तके काही आठवड्यांतच आली. मेरी वुलस्टनक्राफ्ट यांनी १७९० मध्ये आणि थॉमस पेन यांनी १७९१ मध्ये त्यांचा समाचार घेतला. राजघराण्याच्या दुःखाने हळहळणाऱ्या बर्क यांना उपाशी जनतेचे दुःख दिसत नाही, हा दोघांचाही रोख होता.

तो निराधार नव्हता. मताधिकार वाढवण्यास बर्क यांचा विरोध होता. चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या प्रोटेस्टंटांवरील बंधने हटवण्याला पूर्वी अनुकूल असलेले बर्क १७९० मध्ये विरोधात गेले. १७९५ मध्ये धान्य महागले, तेव्हा मजुरी आणि भाव सरकारने ठरवू नयेत, भुकेल्यांना मदत करणे हे दानधर्माचे काम आहे, असे त्यांनी लिहिले. त्याच वर्षी स्वतः मात्र सरकारी निवृत्तिवेतन स्वीकारले आणि त्यावरून टीका ओढवून घेतली.

मोठा आक्षेप तत्त्वाचा आहे. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या चालीत शहाणपण साठलेले असते, असे बर्क मानत. पण अन्यायही तसाच साठत जातो. जातिव्यवस्थेचे चटके सोसलेल्या समाजाला हे वेगळे सांगावे लागत नाही. गुलामगिरीबाबत बर्क यांनाही हे जाणवले होते. १७८० च्या सुमारास त्यांनी ती टप्प्याटप्प्याने संपवण्याचा आराखडा तयार केला आणि पुढे गुलामांच्या व्यापारावरील बंदीच्या मागणीला पाठिंबा दिला. मात्र जुन्या चालीतले जपायचे काय आणि टाकायचे काय, याची नेमकी कसोटी त्यांनी सांगितली नाही.

आजच्या वादात बर्क कुठे बसतात?

पॉलिटिकल करेक्टनेसला विरोध करणारे बर्क यांचा आधार घेतात, तो लोकमताच्या रेट्यापुढे विवेक गहाण न टाकण्याच्या त्यांच्या वृत्तीमुळे. हा आधार खरा आहे, पण अर्धा. बर्क यांनी आपले मतस्वातंत्र्य पणाला लावले ते बऱ्याचदा ज्यांची बाजू कोणी घेत नव्हते त्यांच्यासाठी : कॅथलिक, कर्जबाजारी, खोड्यातला कैदी, बनारसचा राजा, अवधच्या बेगमा. दुबळ्याला हिणवण्याची मोकळीक त्यांनी मागितली नव्हती.

दुसऱ्या बाजूलाही बर्क अडचणीचेच ठरतात. उद्देश उदात्त असला तरी जमावाच्या किंवा सरकारच्या हाती अनिर्बंध सत्ता देऊ नये, असे ते सांगतात. राजा, कंपनी, क्रांतिकारक, दंगलखोर या चौघांकडेही त्यांनी त्याच संशयाने पाहिले. स्वातंत्र्य टिकते ते सत्तेला लगाम असेल तरच, हे त्यांच्या पुराणमतवादाचे सार.

ऑगस्ट १७९४ मध्ये, संसदेतून निवृत्त झाल्यानंतर लगेचच, त्यांचा एकुलता एक हयात मुलगा रिचर्ड गेला. त्या धक्क्यातून बर्क सावरले नाहीत. ९ जुलै १७९७ रोजी बीकन्सफील्ड येथे त्यांचे निधन झाले. आपल्या कामांपैकी हेस्टिंग्ज यांच्याविरुद्धचा लढा त्यांना अखेरपर्यंत सर्वांत मोलाचा वाटत राहिला, जरी तो खटला ते हरले होते.