राजर्षी शाहू छत्रपती आणि व्यवहाराचे शिक्षण

आपल्या शिंपी समाजाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी केली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि उभा जन्म प्राथमिक शाळेत पाढे म्हणवून घेण्यात गेलेला. परंतु गेल्या वर्षी मंडळाकडे आलेल्या एका अर्जामुळे जो विचार मनात घोळू लागला, तो ज्ञातिबांधवांपुढे मांडणे आम्हांस कर्तव्य वाटते. त्या अर्जाची हकीकत शेवटी सांगू. तत्पूर्वी ज्या पुण्यपुरुषाच्या आश्रयाने करवीरनगरीत आपल्यासारख्या समाजांची मुले शिकू लागली, त्या राजर्षी शाहू छत्रपतींचे चरित्र एका निराळ्या दृष्टीने पाहू.

महाराजांचा जन्म दिनांक २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. पिता जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, माता राधाबाई. दिनांक १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राज्याची अखत्यारी मात्र त्यांना मिळाली ती दिनांक २ एप्रिल १८९४ रोजी. मधली दहा वर्षे कशात गेली, हे वाचकांनी लक्षपूर्वक पाहावे. ती शिक्षणात गेली. प्रथम राजकोटच्या राजकुमार कॉलेजात व पुढे धारवाडास फ्रेजर साहेबांच्या देखरेखीखाली त्यांनी भाषा, इतिहास व राज्यकारभार यांचा अभ्यास केला आणि हिंदुस्थानचा प्रवास करून मुलूख व माणसे डोळ्यांनी पाहिली.

येथे आमचे पहिले म्हणणे आहे. ज्याच्या स्वाधीन गादी आधीच झालेली होती, त्यालाही ती चालविण्याची विद्या दहा वर्षे शिकावी लागली. गादीवर बसविल्याने राज्य करता येत नाही, तर दुकानाच्या गादीवर बसविल्याने दुकान चालविता येईल काय? कापड बेतण्याचे कसब बापाच्या हाताखाली येते, हे खरे. परंतु भांडवल किती घालावे, उधारी किती चढू द्यावी, नफा कोणता आणि मूळ मुद्दल कोणते, हे कैचीच्या टोकाने कळत नाही.

राज्य हाती येताच महाराजांनी पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९५ साली, शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविली. मिरजेहून कोल्हापूरला येणारी आगगाडी १८९१ साली सुरू झालेली होती. ज्या मालाला वाहन मिळाले त्याला बाजारही मिळाला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. स्थानकाजवळ वसलेली ही पेठ गुळाच्या व्यापाराने भरभराटीस आली आणि कोल्हापुरी गुळाचे नाव देशभर झाले. त्याच गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे १९०६ साली कापडाच्या गिरणीची स्थापना झाली. पित्याच्या नावाने जयसिंगपूर हे बाजाराचे गाव त्यांनी १९१७ च्या सुमारास वसविले. भोगावती नदीवरील राधानगरी धरणाचे काम त्यांनी आरंभिले, परंतु ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. पुढील पिढ्यांनी ते पूर्णत्वास नेले. फळ आपल्या हयातीत पदरात पडेल की नाही याचा हिशेब न करता भांडवल गुंतविणे, हेही व्यवस्थापनच होय.

आता शिक्षणाकडे वळू. सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह असावे असा प्रयत्न १८९६ साली झाला होता. तो हेतूप्रमाणे सिद्धीस गेला नाही, कारण मागासलेल्या समाजांची मुले तेथे टिकेनात. तेव्हा महाराजांनी मार्ग बदलला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले, आणि मग मुसलमान, लिंगायत, दैवज्ञ, अस्पृश्य मानले गेलेले असे एकामागून एक समाज आपापल्या मुलांसाठी पुढे सरसावले. आपले श्री नामदेव बोर्डिंगही १९०८ साली याच ओघात सुरू झाले. महाराजांनी जागा, इमारती व देणग्या दिल्या. पण प्रत्येक समाजाने आपला भार आपण उचलावा, ही त्यांची अपेक्षा होती. आपल्यासारख्या मंडळांच्या शिष्यवृत्त्यांचे मूळ तेथे आहे. १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्यांसाठी राखण्याचा हुकूम निघाला, आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठेवण्यात आला होता. आम्ही शाळामास्तर म्हणून या दंडाचे मोल विशेष जाणतो.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट १९१८ सालची. गावचे दप्तर व वसुलाचा हिशेब तोपर्यंत वंशपरंपरेने कुलकर्ण्यांच्या घरात चालत असे. महाराजांनी ते कुलकर्णी वतन बरखास्त केले व त्या जागी पगारी तलाठी नेमले. या कामासाठी निरनिराळ्या जातींच्या तरुणांना शिकवून तयार करण्यात आले, आणि त्यांत अस्पृश्य मानलेल्या समाजांतील तरुणही होते. यातून जे सिद्ध झाले ते थोडके नाही. हिशेब ठेवणे हे कोणाच्या रक्तात नसते. ती विद्या आहे, आणि विद्या असल्यामुळे ती शिकविता येते व कोणासही शिकता येते.

गंगाराम कांबळे यांची कथा कोल्हापुरात सर्वश्रुत आहे. ते महाराजांच्या पागेत नोकरीस होते. पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा काढावयास लावले. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान थाटले, परंतु अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? तेव्हा खुद्द छत्रपतींची गाडी त्या दुकानापाशी थांबू लागली. महाराज चहा घेत व बरोबरच्या मंडळींनाही घ्यावयास लावीत. दुकानाला भांडवल लागते तसे गिऱ्हाईक लागते, आणि गिऱ्हाइकाच्या मनातील अढी काढावी लागते, हे महाराजांनी कृतीने दाखविले. याच गंगारामांनी पुढाकार घेऊन १९२५ साली नर्सरी बागेत महाराजांचे स्मारक उभारले. एका दुकानदाराने आपले ऋण असे फेडले.

महाराजांना आयुष्य थोडे लाभले. दिनांक ६ मे १९२२ रोजी मुंबई मुक्कामी त्यांचे देहावसान झाले. वय अवघे ४७. त्यांच्या हयातीतच, १९१३ साली, मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघून वाणिज्याचे उच्च शिक्षण सुरू झाले होते. कोल्हापुरात वाणिज्य महाविद्यालय १९५७ साली आले, शिवाजी विद्यापीठ १९६२ साली, आणि १९७६ साली व्यवसाय-शिक्षणासाठी जी संस्था निघाली, तिला छत्रपती शाहूंचेच नाव देण्यात आले. सायबर या नावाने ती सर्वांस परिचित आहे. आज बारावीनंतर बी. बी. ए. ही व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेता येते. तीत हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, विक्रीचे शास्त्र, व्यापारी कायदे आणि माणसांकडून काम करून घेण्याची रीत हे विषय असतात. २०२४ सालापासून या अभ्यासक्रमाला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत घेतले असून महाराष्ट्रात त्यासाठी राज्याची प्रवेशपरीक्षाही सुरू झाली. ज्या परिषदेकडे अभियांत्रिकी शिक्षणाची देखरेख आहे, तिनेच यालाही आपले मानले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता त्या अर्जाविषयी. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गात आपल्याच समाजातील एक मुलगा होता. गणितात तल्लख. पुढे बारावी झाल्यावर वाणिज्य शाखेची पदवी घ्यावी की नाही, हे विचारावयास तो वडिलांसह आमच्या घरी आला. शिंप्याच्या मुलास दुकान काय शिकवावयाचे, असे सांगून आम्ही त्याला मशीनवर बसविण्याचा सल्ला दिला. गुरुजींचा शब्द म्हणून त्यांनी तो मानला. मुलगा कसबी निघाला, लग्नसराईत त्याच्याकडे रात्र रात्र काम चाले. परंतु घराचा गल्ला व दुकानाचा गल्ला एकच राहिला, उधारीची वही फुगत गेली, आणि तयार कपड्यांनी बाजार भरला तेव्हा त्याच्यापाशी दुसरी योजना नव्हती. दुकान गेले, कर्ज मात्र राहिले. हात कसबी असूनही धंदा बुडाला. त्यात आमच्या सल्ल्याचाही वाटा आहे, हे लिहिताना आम्हांस लाज वाटते, परंतु न लिहिणे अधिक लाजिरवाणे होईल.

गेल्या वर्षी आलेला अर्ज त्याच्या मुलीचा होता. ती बी. बी. ए. ला आहे. आपल्या नियमांत वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणालाच मदत लिहिलेली असल्याने अर्ज परत गेला. नियमाप्रमाणे ते योग्यच झाले, कार्यकारिणीला आम्ही दोष देत नाही. पण नियम माणसांनीच केलेले असतात. एक मार्ग चालला नाही तेव्हा छत्रपतींनी दुसरा काढला, तो मार्ग आपल्यालाही मोकळा आहे. ज्या समाजाचे पोट पिढ्यान्‌पिढ्या धंद्यावर चालले, त्यानेच धंद्याच्या शिक्षणाला शिक्षण मानू नये, ही गोष्ट आम्हांस विपरीत वाटते.

तरी येत्या वार्षिक सभेत व्यवसाय व्यवस्थापन व वाणिज्य या विषयांचा शिष्यवृत्तीच्या नियमांत समावेश व्हावा, असा ठराव आम्ही मांडणार आहोत. आमच्या निवृत्तिवेतनातून पहिल्या वर्षाच्या मदतीपैकी काही रक्कम देण्याचे आम्ही ठरविले असून तसे चिटणीसांना लेखी कळविले आहे. ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी ठरावाला अनुमोदन द्यावे, आणि त्या मुलीचा अर्ज पुन्हा मागवून घ्यावा, एवढीच आमची नम्र विनंती आहे.