यंत्रांचे जादूगार शंकर आबाजी भिसे

गुरुजींनी नागपूरहून छोट्या मोटारगाडीचा संच आणला. भाग जोडून संगणकातून हुकूम भरले, की गाडी आपली आपण चालते अन् भिंत दिसली की वळते. असे आपोआप काम करणारे यंत्र सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसाला सुचले होते. त्यांची गोष्ट मी सांगतो.

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म १८६७ साली मुंबई येथे झाला. इंग्लंडातल्या एका मासिकाने स्पर्धा लावली. साखर, पीठ असा किराणा आपोआप तोलून देणारे यंत्र हवे होते. भिसे यांनी मुंबईतून आराखडा पाठवला आणि चक्क बक्षीस पटकावले! आता बघा, पुरेसा माल पडला हे यंत्राला स्वतःच कळायला हवे ना? मला तर तेच अवघड वाटते. आमची गाडीसुद्धा तिथेच अडते.

मग ते लंडनला गेले. दादाभाई नौरोजींनी मदत केली. छापखान्याचे खिळे भराभर ओतणारे ‘भिसोटाइप’ यंत्र त्यांनी बनवले. पण यंत्र करणे वेगळे अन् कारखाना उभारणे वेगळे. पैसा कमी पडला. पुढे ते अमेरिकेत राहिले व १९३५ साली न्यूयॉर्क येथे वारले. त्यांना भारताचे एडिसन म्हणत. आमच्या घरी एडिसन सर्वांना माहीत, भिसे कोणालाच नाही.